आरारात पर्वत तुर्कस्तानात कसा गेला? सुर्मालू जिल्ह्याची हकीकत

विचारलेला प्रश्न असा आहे: रशियन साम्राज्यकाळातल्या कॉकेशसच्या एका जुन्या नकाशात आरारात पर्वत 'सुर्मालिन्स्की उयेझ्द' या जिल्ह्यात दाखवला आहे. आज तो पर्वत तुर्कस्तानात आहे, आणि तरीही आर्मेनियाच्या राजचिन्हावर त्याचेच चित्र आहे. मग हा जिल्हा मुळात कोणाचा, तो नकाशावरून नाहीसा कसा झाला, आणि त्यातली एक पट्टी तुर्कस्तानने इराणकडून विकत घेतली असे सांगतात ते खरे आहे का?

थोडक्यात उत्तर आधी देतो. सुर्मालू हा 1828 पर्यंत इराणच्या काजार राजवटीखालच्या एरिवानच्या (आजच्या येरेवानच्या) खानाचा मुलूख होता. त्यानंतर नव्वद वर्षे तो रशियाकडे राहिला. 1918 ते 1921 या काळात त्याने उस्मानी फौज, आर्मेनियाचे पहिले प्रजासत्ताक आणि पुन्हा तुर्की फौज अशी तीन ठाणी पाहिली, आणि 1921 च्या मॉस्को व कार्स येथील तहांनी तो कायमचा तुर्कस्तानात गेला. विकत घेतलेल्या पट्टीची गोष्ट ज्या रूपात सांगितली जाते त्या रूपात खरी नाही, मात्र तिच्या मुळाशी 1932 मधली एक खरी अदलाबदल आहे. जुने नकाशे आणि सरहद्दीचे तह एकमेकांशी ताडून पाहण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि त्या अनुभवावरून एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण पर्वताकडे पाहतात, जिल्ह्याकडे पाहत नाहीत. तहांच्या मजकुरात मात्र पर्वत हा केवळ हद्दीची खूण म्हणून येतो. हात बदलला तो जिल्ह्याने, आणि पर्वत त्याच्याबरोबर गेला.

आता 'उयेझ्द' म्हणजे काय ते पाहू. रशियन साम्राज्यात 'गुबेर्निया' म्हणजे प्रांत आणि 'उयेझ्द' म्हणजे त्याखालचा जिल्हा. एरिवान गुबेर्नियाची स्थापना 1849 च्या फर्मानाने झाली आणि पुढे तिच्यात एकूण सात उयेझ्द झाले. सुर्मालू हा त्यांपैकी एक. स्वतंत्र उयेझ्द म्हणून तो 1870 च्या दशकात वेगळा काढला गेला आणि इग्दिर हे त्याचे मुख्य ठिकाण ठरले. क्षेत्रफळ साडेतीन हजार चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक, म्हणजे जवळजवळ गोव्याएवढे. उत्तरेला अरास नदी, दक्षिणेला आराराताची रांग, पश्चिमेला कुल्पच्या मिठाच्या टेकड्या आणि पूर्वेला अरासला मिळणाऱ्या खालच्या कारासू नदीचा दलदलीचा कोपरा, अशी त्याची चतुःसीमा होती. मोठ्या आराराताचे शिखर 5,100 मीटरांच्या वर आणि त्याच्या पायथ्याचे मैदान साधारण साडेआठशे मीटरांवर, म्हणजे एकाच जिल्ह्यात बारमाही बर्फ आणि कापसाची शेते. जिल्ह्याचा इतिहास समजून घेताना ही उंचीतली तफावत सतत ध्यानात ठेवावी लागते, कारण मैदानात शेती करणारा आणि उन्हाळ्यात कळप घेऊन डोंगरावर चढणारा यांचे संबंध तिच्यावरच ठरत होते.

नाव जिल्ह्याहून पुष्कळ जुने आहे. अरासच्या काठी सुर्मारी नावाचा मध्ययुगीन किल्ला होता, आणि 'सुर्ब मारी' म्हणजे संत मेरी या आर्मेनियन शब्दांवरून ते नाव आले असे मानले जाते. तुर्की बोलीत त्याचे 'सुर्मेली' झाले, रशियन दप्तरात 'सुर्मालू'. 1404 मध्ये तैमूरच्या दरबाराकडे निघालेला कास्तीलचा वकील रुइ गोन्सालेस दे क्लाव्हिखो या गावावरून गेला, आणि महाप्रलयानंतर वसलेले हे जगातले पहिले नगर, अशी तिथे चालत असलेली समजूत त्याने टिपून ठेवली. पश्चिमेकडचे कुल्प, आर्मेनियन उच्चाराने कोघ्ब, हे पाचव्या शतकातल्या येझ्निक या आर्मेनियन धर्मपंडिताचे गाव. या मुलखाशी आर्मेनियनांचे नाते किती खोल आहे ते यावरून कळावे. त्याच मैदानात तुर्की भाषिक मुसलमान शेतकरी आणि कुर्द पशुपालक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, हेही तितकेच खरे आहे.

खानाच्या अमदानीत हा भाग 'महाल' या नावाने ओळखला जाई. मराठी वाचकाला हा शब्द परका नाही. आपल्या जुन्या दप्तरांतले महाल, परगणे आणि सरदार ज्या फारसी कारभाराच्या भाषेतून आले, तीच भाषा एरिवानमध्येही चालत होती. खानाचा मुलूख पंधरा महालांत विभागलेला होता. अरासच्या उजव्या तीरावर सुर्मालू आणि दाराकेंद-पार्चेनिस असे दोन महाल होते, आणि कुल्पची मिठागरे यांपैकी दुसऱ्यात येत. शेवटचा खान हुसेन कुली याला 'सरदार' हा किताब होता. मोठा आणि लहान अशा दोन आरारातांच्या मधल्या खिंडीत सरदार-बुलाक, म्हणजे सरदाराचा झरा, नावाची जागा आहे. ती पुढे रशियन नकाशांवर त्याच नावाने छापली गेली, आणि तिथे कझाकांचे, म्हणजे रशियाच्या कोसॅक घोडेस्वारांचे, ठाणे होते.

1826 ते 1828 च्या रशिया-इराण युद्धात जनरल पास्केविचने ऑक्टोबर 1827 मध्ये एरिवानचा किल्ला घेतला, आणि फेब्रुवारी 1828 मध्ये तुर्कमानचाय येथे तह झाला. आरारात तुर्कस्तानात कसा, या प्रश्नाची खरी किल्ली या तहाच्या चौथ्या कलमात आहे. सर्वसाधारण समजूत अशी की या तहाने अरास नदी ही रशिया आणि इराण यांची सरहद्द ठरली. बहुतांश लांबीपुरते ते बरोबर आहे, पण पश्चिम टोकाला रेषा नदी सोडते. कलम सांगते की हद्द उस्मानी सरहद्दीवरच्या, लहान आराराताच्या शिखराला सर्वांत जवळच्या बिंदूपासून सुरू होते, त्या शिखरावर जाते, तिथून त्या डोंगराच्या दक्षिण उतारावर उगम पावणाऱ्या खालच्या कारासूच्या मुळाशी उतरते, आणि त्या नदीच्या प्रवाहाने शरूरसमोर अरासला मिळेपर्यंत जाते. तिथून पुढे मात्र अरास हीच हद्द. याचा अर्थ असा की नदीच्या दक्षिणेला एरिवानच्या खानाचा जो तुकडा होता, तेवढा रशियाने उचलला. खानाचा मुलूख तोडायचा नाही, तो संपूर्ण घ्यायचा, हे त्यामागचे धोरण.

रशियन लष्कराने काढलेला कॉकेशसचा पाच वेर्स्तांचा नकाशा, म्हणजे एका इंचाला पाच वेर्स्त अथवा साधारण 1:2,10,000 या प्रमाणाचा, समोर ठेवून त्यावर आजच्या सरहद्दीचा पारदर्शक कागद अंथरला तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. खालच्या कारासूच्या मुखाशी 1828 ची रेषा आणि आजची रेषा एकमेकींवर बसतात. अरास आणि कारासू यांच्या मधली चिंचोळी जीभ, जी आज तुर्कस्तानला अझरबैजानच्या नखिचेवान या प्रदेशाशी जोडते, ती सुर्मालूचाच शेपटासारखा निमुळता पूर्व कोपरा होती. मी हा कागद पहिल्यांदा अंथरला तेव्हा विकत घेतलेल्या पट्टीबद्दलची माझी स्वतःची समजूत तिथल्या तिथे बदलली. त्या गोष्टीकडे पुढे येतो.

तारखांविषयी इथेच एक सूचना देतो, कारण या विषयावरचे निम्मे घोळ त्यातून होतात. रशियन दप्तर 1918 च्या सुरुवातीपर्यंत जुन्या ज्युलियन पंचांगाने चाले. एकोणिसाव्या शतकातील तारखेत बारा दिवस आणि विसाव्या शतकातील तारखेत तेरा दिवस मिळवले की आपली तारीख येते. तुर्कमानचायचा तह म्हणूनच कुठे 10 फेब्रुवारीचा तर कुठे 22 फेब्रुवारीचा आढळतो. दोन्ही तारखा बरोबर आहेत.

रशियन अंमल आल्यावर दुसऱ्याच वर्षी, 1829 च्या शरद ऋतूत, दोर्पात विद्यापीठाचा प्राध्यापक फ्रीडरिश पारोट आरारात चढला. त्याचा मुक्काम मोठ्या आराराताच्या ईशान्य उतारावरच्या आखुरी या गावाजवळ, संत जेकबच्या मठात होता. दोन प्रयत्न फसले आणि तिसऱ्या वेळी तो शिखरावर पोहोचला. बरोबर खाचातुर आबोव्यान हा एच्मियाद्झिनचा तरुण, जो पुढे आधुनिक आर्मेनियन साहित्याचा आद्य लेखक ठरला, आखुरीचे दोन शेतकरी आणि दोन रशियन शिपाई होते. आखुरीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण जिल्ह्याच्या इतिहासात हे एक गाव मला फार महत्त्वाचे वाटते. नोहाने प्रलयानंतर पहिली द्राक्षवेल इथेच लावली अशी आर्मेनियन परंपरा आहे, आणि गावाच्या नावाची फोडही लोक 'त्याने वेल लावली' अशीच करीत. पर्वताच्या अंगावर एक अरुंद, खोल घळ, तिच्या तोंडाशी गाव, वर मठ, मठाच्या वर संत जेकबचा झरा आणि त्याच्याही वर हिमनदीची किनार, अशी रचना होती. वस्ती सुमारे हजाराची. 2 जुलै 1840 रोजी, जुन्या पंचांगाने 20 जून, संध्याकाळी भूकंप झाला आणि घळीचा वरचा भाग बर्फ, खडक आणि चिखलासह खाली आला. गाव, मठ आणि द्राक्षमळे गाडले गेले, आणि जे वाचले ते त्या दिवशी गावाबाहेर असलेले मोजके लोक. पारोटने ज्या मठाचे वर्णन केले तो अकरा वर्षांत पृथ्वीच्या पाठीवरून पुसला गेला. नंतरच्या नकाशांवर त्या घळीत गावाच्या नावापुढे 'भग्नावशेष' असा शेरा दिसतो.

1876 मध्ये जेम्स ब्राइस हा ब्रिटिश विद्वान अरालिखच्या कझाक ठाण्यावरून, सरदार-बुलाकमार्गे शिखराकडे निघाला. बरोबरचे कझाक आणि कुर्द एका उंचीनंतर पुढे येईनात, म्हणून शेवटचा टप्पा त्याने एकट्याने पार केला. तिथेच, सरदार-बुलाकच्या आसपास, रशिया, इराण आणि उस्मानी साम्राज्य या तिन्ही राज्यांच्या सीमा भिडत होत्या. उन्हाळ्यात कुर्द कळप या तीन हद्दींची पर्वा न करता कुरणामागे फिरत, आणि तीन सरकारांचे शिपाई त्यांच्यामागे. जिल्ह्याच्या कारभारातला हा नित्याचा प्रश्न होता, आणि पन्नास वर्षांनी त्याचेच पडसाद एका मोठ्या बंडात उमटले.

जिल्ह्याचे उत्पन्न दोन गोष्टींवर उभे होते. एक म्हणजे कुल्पचे मीठ. तिथे खडकातले मीठ बोगदे खणून काढत, आणि ही खाण प्राचीन काळापासून चालू होती. आजही त्या गावाचे तुर्की नाव तुझलुजा, म्हणजे खारट गाव, असेच आहे. दुसरी गोष्ट म्हणजे अरासच्या पाटांवर होणारा कापूस, भात आणि फळबागा. मैदान खोलगट असल्याने हवा आसपासच्या पठारापेक्षा खूपच उबदार. तुर्की बोलीत त्याला आजही 'सुर्मेली चुकुरू', म्हणजे सुर्मेलीचा खळगा, म्हणतात, आणि इग्दिरचे जर्दाळू आजही नावाजलेले आहेत. पाटाचे पाणी कोणी किती घ्यायचे यावरून गावागावांत तंटे होत. त्याच पाण्याने हिवतापही आणला.

आता लोकसंख्येकडे वळतो, कारण इथे दोन्ही बाजूंचे लेखक आपल्याला सोयीचे आकडे उचलतात. 1897 च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 89 हजार भरली. त्यांत निम्म्याच्या जरा आत तुर्की भाषिक मुसलमान होते, ज्यांना रशियन दप्तर 'तातार' म्हणे आणि ज्यांना आज आपण अझरबैजानी म्हणतो. तीस टक्क्यांच्या आसपास आर्मेनियन आणि वीस टक्क्यांहून थोडे अधिक कुर्द होते, तर रशियन अगदी नगण्य. या शिरगणतीने राष्ट्रीयत्व विचारलेच नव्हते, मातृभाषा आणि धर्म विचारला होता. म्हणून कुर्दी बोलणारे यझिदी भाषेच्या तक्त्यात कुर्दांबरोबर येतात आणि धर्माच्या तक्त्यात वेगळे. कोणताही एक तक्ता घेऊन 'हा जिल्हा अमुक लोकांचा होता' असे म्हणणे चुकीचे आहे. कोणत्याही एका समाजाचे इथे निर्भेळ बहुमत नव्हते, आणि गावेही सरमिसळ होती: इग्दिरमध्ये आर्मेनियनांची वस्ती दाट, नदीकाठी तातार गावे, डोंगरउतारावर कुर्द आणि यझिदी.

1877 च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात इग्दिर हे आघाडीचे तळठाणे झाले. जनरल तेरगुकासोव्हची एरिवान तुकडी इथूनच डोंगर ओलांडून उस्मानी हद्दीतल्या बायाझिद या शहरावर गेली, आणि बायाझिदच्या गढीत अडकलेल्या रशियन शिबंदीची सुटका त्याच वर्षी जुलैमध्ये तिनेच केली. युद्धाअखेरच्या सान स्तेफानोच्या तहाने बायाझिद रशियाला मिळाले होते, पण 1878 च्या बर्लिन तहाने ते उस्मानींना परत गेले, आणि सुर्मालू पुन्हा सरहद्दीचा जिल्हा राहिला. या ठिकाणी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. कार्स, अर्दाहान आणि बातूम हे तीन प्रदेश रशियाने 1878 मध्ये उस्मानींकडून घेतले, त्यामुळे ते परत मागताना तुर्की नेत्यांकडे अलीकडचा दाखला होता. सुर्मालूचे तसे नव्हते. सोळाव्या ते अठराव्या शतकांतल्या इराणबरोबरच्या युद्धांत उस्मानी फौजांनी एरिवानचा मुलूख काही काळ धरला होता हे खरे, पण रशियाने सुर्मालू घेतले ते इराणकडून. म्हणून रशियाने जर्मनी, उस्मानी साम्राज्य आणि त्यांच्या मित्रराष्ट्रांशी केलेल्या 1918 च्या ब्रेस्त-लितोव्स्क तहात कार्स, अर्दाहान आणि बातूम यांची नावे आहेत आणि सुर्मालूचे नाही.

1915 चा उन्हाळा या जिल्ह्यावर फार वाईट आला. उस्मानी हद्दीत आर्मेनियनांचा वंशसंहार चालू होता. वानमधून रशियन फौज मागे फिरली तेव्हा तिच्याबरोबर निघालेले हजारो आर्मेनियन निर्वासित डोंगर उतरून इग्दिरला आले आणि इथून पुढे एच्मियाद्झिनकडे गेले. वाटेत आणि छावण्यांत टायफस व हगवणीने माणसे मेली. इग्दिरच्या रस्त्यांवर आणि बागांत उघड्यावर पडलेली कुटुंबे त्या काळच्या अनेकांनी पाहून लिहून ठेवली आहेत. पुढे 1917 च्या क्रांतीनंतर रशियन सैन्य विरघळून गेले, आणि 1918 च्या मे महिन्यात उस्मानी फौजा अरासपर्यंत आल्या. नदीपलीकडे सरदारापात येथे आर्मेनियन सैन्याने आणि गावकऱ्यांनी त्यांना रोखले, आणि 28 मे रोजी आर्मेनियाचे प्रजासत्ताक जाहीर झाले. पण 4 जूनच्या बातूम तहाने त्या नव्या राज्याला सुर्मालू सोडून द्यावे लागले.

ऑक्टोबर 1918 मध्ये पहिल्या महायुद्धात हरलेल्या उस्मानींनी केलेल्या मुद्रोसच्या शस्त्रसंधीनंतर उस्मानी फौजा मागे गेल्या आणि इग्दिर आर्मेनियाच्या ताब्यात आले. आर्मेनियाचा सेनानी द्रो, म्हणजे द्रास्तामात कानायान, हा इग्दिरचाच. 1919 च्या हिवाळ्यात आणि वसंतात इथे दुष्काळ पडला. अमेरिकन मदतकार्यातल्या लोकांनी इग्दिरला गवत उपटून खाणारी माणसे आणि रोज सकाळी गाडीत गोळा केली जाणारी प्रेते पाहिली. या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या आर्मेनियन आणि मुसलमान अशा दोन्ही गावांवर हल्ले झाले, कत्तली झाल्या, आणि ज्याची फौज येई त्याच्या विरुद्ध बाजूचे लोक घरे सोडून पळत. 1915 चा वंशसंहार ही एका राज्याने आखून केलेली गोष्ट होती आणि तिची बरोबरी या आपसातल्या कत्तलींशी करणे योग्य नाही, पण म्हणून सुर्मालूच्या मुसलमान शेतकऱ्याचे मरण हिशेबातून वगळावे असेही नाही. यझिदी बहुतेक आर्मेनियनांबरोबरच नदीपलीकडे गेले.

1920 च्या सप्टेंबरअखेर तुर्की सेनापती काझिम काराबेकिरच्या फौजेने आर्मेनियावर चाल केली. 30 ऑक्टोबरला कार्स पडले आणि 14 नोव्हेंबरला इग्दिर. इग्दिरमध्ये हा दिवस आजही मुक्तिदिन म्हणून पाळतात, तर आर्मेनियन कुटुंबांच्या आठवणीत तोच दिवस घर कायमचे सुटल्याचा आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला अलेक्सांद्रोपोलच्या (आजच्या ग्युम्रीच्या) तहावर आर्मेनियाच्या ज्या प्रतिनिधींनी सही केली, त्यांच्या सरकारने तोवर बोल्शेविकांकडे सत्ता सोपवली होती, त्यामुळे तो तह मान्य झाला नाही. खरा निर्णय 16 मार्च 1921 रोजी मॉस्कोत झाला. तिथे एका बाजूला सोव्हिएत रशिया होता आणि दुसऱ्या बाजूला अंकाराचे तुर्की राष्ट्रवादी सरकार. आर्मेनियाचे शिष्टमंडळ मॉस्कोत असूनही तुर्की प्रतिनिधींच्या आग्रहामुळे त्यांना बैठकीत बसू दिले नाही. बातूम बंदर सोव्हिएतांना राहिले, अलेक्सांद्रोपोल तुर्की फौजेने सोडायचे ठरले, नखिचेवान अझरबैजानच्या संरक्षणाखाली गेला, आणि कार्सबरोबर सुर्मालू तुर्कस्तानला मिळाला. सीमारेषा अखुर्यान नदीने अरासपर्यंत आणि अरासने खालच्या कारासूच्या मुखापर्यंत आखली गेली. सुर्मालूपुरती ही रेषा म्हणजे जुन्या उयेझ्दची उत्तर हद्दच होय.

13 ऑक्टोबर 1921 रोजी कार्स येथे हाच निर्णय तिन्ही कॉकेशियन सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या सह्यांनी पक्का झाला. आर्मेनियातर्फे आस्कानाझ म्राव्यान आणि पोघोस माकिंत्स्यान होते. त्यांच्या बाजूने आनी या प्राचीन राजधानीचे अवशेष आणि कुल्पच्या मिठाच्या खाणी तरी परत मिळाव्यात असा प्रयत्न झाला, पण काराबेकिरने ते मानले नाही. या वाटाघाटींत पर्वत मागितला गेला की नाही यावर लोक खूप वाद घालतात. मला लक्षणीय वाटते ते हे की उपासमारीने खंगलेल्या देशाने शेवटच्या क्षणी धरून ठेवण्याचा प्रयत्न केला तो मिठाचा.

आता इराणच्या पट्टीकडे. 1828 ची रेषा लहान आराराताच्या शिखरावरून जात होती हे वर आलेच आहे, म्हणजे त्या डोंगराचा पूर्व आणि दक्षिण उतार इराणचा होता, आणि 1921 नंतरही तसाच राहिला. 1927 मध्ये आराराताच्या परिसरात कुर्दांनी बंड करून स्वतःचे प्रजासत्ताक जाहीर केले. त्याचा सेनापती इहसान नुरी हा पूर्वीचा उस्मानी अधिकारी. तुर्की फौज चालून आली की बंडखोर लहान आराराताचा उतार ओलांडून इराणच्या हद्दीत जात आणि पुन्हा परत येत. 1930 मध्ये तुर्की फौजेने इराणच्या बाजूने वेढा घालूनच ते बंड मोडले. त्यानंतर, जानेवारी 1932 मध्ये झालेल्या करारान्वये लहान आरारात पूर्णपणे तुर्कस्तानकडे आला आणि इराणला दक्षिणेकडे सरहद्दीवरची दुसरी जमीन मिळाली. ही विक्री नव्हती, अदलाबदल होती, आणि ती डोंगराच्या उताराची होती. नखिचेवानला लागून असलेली अरासकाठची जीभ त्याआधीच, 1921 मध्ये, सुर्मालूचा भाग म्हणून तुर्कस्तानला मिळालेली होती. अतातुर्कने नखिचेवानशी शेजार जोडण्यासाठी ती इराणकडून विकत घेतली, ही कथा दोन वेगळ्या घटना एकत्र शिवून तयार झालेली आहे.

यानंतर जिल्हा म्हणून सुर्मालूचे नाव उरले नाही. तो कार्स प्रांतात विलीन झाला आणि तुर्की प्रशासनाने त्याचे तालुके पाडले. 1945 मध्ये सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्हने तुर्कस्तानकडे कार्स आणि अर्दाहानची मागणी केली, आणि 1953 मध्ये स्टालिनच्या मृत्यूनंतर मॉस्कोने ती सोडून दिली. त्या मागणीतही नावे 1878 च्या प्रदेशांचीच होती. 1992 मध्ये इग्दिर हा स्वतंत्र प्रांत झाला. इग्दिर, तुझलुजा, अरालिक आणि काराकोयुनलू हे त्याचे चार तालुके, आणि त्यांची बाह्यरेषा जुन्या उयेझ्दच्या बाह्यरेषेशी ताडून पाहिली तर दोन्हींत विलक्षण साम्य दिसते. ब्राइस ज्या अरालिख ठाण्यावरून निघाला तेच आजचे अरालिक, आणि खानाचे कुल्प तेच आजचे तुझलुजा.

जुन्या नकाशावरची गावे आज शोधायची असतील तर नावांच्या मागे लागू नये, कारण बहुतेक नावे बदलली आहेत. नदी, घळ आणि रस्ता धरून शोधावे. असा शोध घेताना दोन पूल हाती लागतात. एक पूर्वेच्या टोकाला दिलुजू येथे, अरासवरचा, मे 1992 मध्ये सुरू झालेला, तुर्कस्तान आणि नखिचेवान यांना जोडणारा. दुसरा इग्दिरच्या उत्तरेला, अलिजान आणि मार्गारा यांच्या मधला, जुन्या जिल्ह्यातून येरेवानच्या मैदानात उतरणारा. तो 1993 पासून बंद होता. फेब्रुवारी 2023 मध्ये दक्षिण तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा आर्मेनियाने पाठवलेले मदतीचे ट्रक याच पुलावरून अरास ओलांडून इग्दिरच्या बाजूला आले.